रसाचे मोती
(इयत्ता सातवीसाठी सामान्य विज्ञानाचा प्रात्यक्षिक पाठ)

हेतू : ‘रासायनिक क्रिया’ हे शब्द मुले तोंडपाठ म्हणतात; परंतु दोन द्रव एकत्र येताच तिसरा, निराळ्या गुणांचा पदार्थ उत्पन्न होतो, हे त्यांनी पाहिलेले नसते. ते त्यांनी स्वतः करून पाहावे, हा या पाठाचा हेतू आहे.

प्रस्तावना : ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत का ठेवतात, असे प्रथम विचारावे. निवळीमुळे फोडी पाकात मऊ पडत नाहीत, हे मुलांकडून वदवून घ्यावे. चुन्यातील कॅल्शियम फोडीतील पेक्टिनला घट्ट बांधते. रसाचे मोती होण्याचे तत्त्वही असेच आहे. मात्र येथे पेक्टिनऐवजी तपकिरी समुद्रशैवालापासून काढलेले सोडियम अल्जिनेट असते. १९४२ साली इंग्लंडात विल्यम पेशार्ट यांनी कृत्रिम चेरी करण्यासाठी या क्रियेचे पेटंट मागितले. २००३ पासून स्पेनमधील फेरान आद्रिया यांच्या ‘एल बुली’ या उपाहारगृहामुळे ती पाककलेत प्रसिद्ध झाली.

साहित्य : कलिंगडाचा ताजा, गाळलेला रस २०० मिलिलिटर, सोडियम अल्जिनेट १ ग्रॅम, साखर २ चमचे, कॅल्शियम लॅक्टेट १० ग्रॅम, पिण्याचे पाणी, ड्रॉपर, दोन वाडगे व चहाची गाळणी. दोन्ही द्रव्ये खाण्याच्या प्रतीचीच असावीत. प्रयोगशाळेतील बाटल्यांमधील द्रव्ये किंवा चुना वापरू नये.

कृती : अल्जिनेट साखरेत कोरडेच मिसळावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. हे मिश्रण रसात थोडे थोडे घालून रवीने घुसळावे व बुडबुडे जाईपर्यंत झाकून ठेवावे. एका वाडग्यात अर्धा लिटर पाण्यात कॅल्शियम लॅक्टेट विरघळवावे. त्यात ड्रॉपरने रसाचे थेंब सोडावेत. एका मिनिटाने मोती गाळणीने काढून दुसऱ्या वाडग्यातील स्वच्छ पाण्यात धुवावेत व लगेच खावयास द्यावेत. विलंब झाल्यास ते आतपर्यंत घट्ट होतात.

विवेचन : अल्जिनेटचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. सोडियम एका हाताचे, तर कॅल्शियम दोन हातांचे, असे समजावे. कॅल्शियम दोन हातांनी दोन साखळ्या धरते व त्यांचे जाळे विणले जाते. रस व कॅल्शियम यांची भेट प्रथम थेंबाच्या पृष्ठभागी होते. म्हणून बाहेर पापुद्रा येतो आणि आत रस राहतो.

फसणारे प्रयोग : हेही मुद्दाम करावेत. लिंबाच्या रसात अल्जिनेट घातल्यास आम्लामुळे ते नीट विरघळत नाही व मोती साधत नाहीत. ज्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यात अल्जिनेट घालून पाहावे. पाण्यात कॅल्शियम पुरेसे असल्यास थेंब पडण्यापूर्वीच गुठळ्या होतात. याच पाण्यात डाळ लवकर का शिजत नाही, हा प्रश्न येथे विचारावा. उत्तर सांगण्याची शिक्षकाने घाई करू नये. पेठ्याची फोड आठवून ते मुलाने स्वतः दिले, तर पाठ सफल झाला असे समजावे.

स्वाध्याय :
१. मोती धुवून घेण्याचे कारण काय?
२. कॅल्शियम रसात व अल्जिनेट वाडग्यातील पाण्यात घातले, तर पापुद्रा कोठे येईल?
३. दुधाचे मोती करावयाचे असल्यास अल्जिनेट दुधात घालणे योग्य होईल काय? कारण लिहा.