धनेशाच्या ढोलीसमोर

जोयडा तालुक्यात काळी नदीकाठच्या जुन्या, उंच झाडांवर धनेश घर करतो. (दांडेली परिसरात त्याच्यासाठी २०११ साली राखीव क्षेत्र जाहीर झाले.) महाधनेशाची मादी ढोलीत शिरून विष्ठेने दार लिंपून घेते, उरते चोचीपुरती फट. आत तिची उडण्याची पिसे गळतात. तीन-चार महिने ती नराच्या भरवशावर असते. तो उंबर-वडाची फळे घशात साठवून आणतो व एकेक बाहेर काढून भरवतो.

विद्यार्थी मित्रांनो, हे पाहायचे तर लांब, झुडपाआड निमूट बसावे. माणूस दिसला की नर दूरच्या फांदीवरच थांबतो आणि तेवढा वेळ आतली उपाशी राहते. ‘तासभर काहीच घडले नाही’ असे वहीत लिहिताना, ते आपल्यामुळे तर नव्हे ना, हेही तपासावे. पावसाळ्यात, ढोली रिकामी झाल्यावर, झाडाखाली जा. तिथे पडलेल्या बियांना फुटलेले कोंब ओळखा; नराने काय काय आणले होते ते तिथे कळते.