कोरांटी लाव, आणि कात्री लपवून ठेव

चार कुंड्यांतल्या दोन वाळल्या म्हणून 'ताई, माझ्या हाताला गुणच नाही' म्हणतेस? अगं, हात चांगला आहे तुझा, झाडंच नाजूक आणलीस. यंदा पिवळी कोरांटी लाव बघ. आपलीच आहे, माळावरची, कुंपणाकडेची. एकदा जगली की वर्षानुवर्षं टिकते. पावसाळी फुलं आटोपली की ही फुलायला लागते, ती थंडीभर. मधमाश्या, भुंगे, शिंजीर यांची तेव्हा हिच्यावर केवढी लगबग असते!

रोप विकत आणू नकोस. पाऊस सुरू झाला की कुणाच्या तरी अंगणातली वीतभर, जरा जून झालेली फांदी माग. खालची पानं काढ आणि दोन पेरं मातीत जातील अशी खोच. पानांच्या बगलेत काटे असतात हं. मी पहिल्यांदा उत्साहाने मूठभरून धरली आणि दोन दिवस कणीक नवऱ्याने मळली. तेवढा एक फायदा झाला.

पाण्याचं टेन्शन तर घेऊच नकोस. मातीत थोडी वाळू घाल, कुंडीचं भोक मोकळं ठेव, ऊन येईल तिथे ठेव. वरची माती सुकल्यावरच पाणी दे. एखाद्या दिवशी ऑफिसच्या गडबडीत विसरलीस तरी ती रुसत नाही. उलट रोज रोज पाणी घातलंस तर मुळं कुजतात.

खरं सांगू का, खरी परीक्षा सप्टेंबरात असते. सगळीकडे फुलं आणि ही नुसती हिरवी, काटेरी. मला वाटलं, अस्ताव्यस्त झालीय, आणि छान गोल कापून टाकली. कळ्या धरणारे शेंडेच गेले गं! डिसेंबरात नुसती पानं बघत बसले. छाटायची ती बहर संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चात. तेव्हा बोंडंही वाळून तडकतात. आतलं चपटं बी पाण्यात टाकून बघ, त्यावरची लव कशी बुळबुळीत होते. मुलीला दाखव, खूश होईल.

आणि पानं कुरतडलेली दिसली तर घाबरू नकोस. पॅन्सी जातीच्या काही फुलपाखरांच्या अळ्या कोरांटीवर वाढतात. मी एकदा औषध फवारलं, आणि मग 'आमच्याकडे फुलपाखरंच येत नाहीत' म्हणून सगळ्यांना सांगत सुटले. तू तसं करू नकोस. फवारा हातात घ्यायच्या आधी मला फोन कर.