माथेरानची वाट

मुलांनो, रायगड जिल्ह्यातील माथेरान तुम्ही पाहिले आहे का? डोंगराच्या पायथ्याशी नेरळ हे स्टेशन आहे. तेथून एक छोटी आगगाडी वळणे घेत वर चढते. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या मेहनतीतून हा मार्ग १९०७ साली सुरू झाला.

मोटारी गावाबाहेर दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे तांबड्या मातीची वाट, गर्द झाडी आणि घोड्यांच्या टापांचा आवाज! पायी चालणे ही या गावाची रीत आहे. म्हणून तेथे धूर नाही, गोंगाट नाही.

पण प्रत्येक जुनी रीत चांगलीच असते का? येथे हातरिक्षात एक माणूस बसत असे आणि दुसरा माणूस ती चढावर ओढत असे. पोटासाठी तो घाम गाळी. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवली, ती बंद करण्याचा आदेश दिला आणि रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्यास सांगितले.

मुलांनो, चांगली रीत जपावी. माणसाला कमी लेखणारी रीत सोडावी. तुमच्या गावातील रीतींकडेही असेच पाहा.

स्वाध्याय
१. मोटारी कोठे थांबतात?
२. हातरिक्षा बंद करण्याचा आदेश का दिला गेला?
३. तुमच्या गावातील एका चांगल्या रीतीविषयी पाच वाक्ये लिहा.