एचडीएमआय केबल: घेण्याआधी मोजा, घेतल्यावर पारखा

टीव्हीच्या किमतीवर घासाघीस होते, जुन्या टीव्हीचे पैसे वळते होतात, हप्ते ठरतात. मग बिल करताना काउंटरवरून सूचना येते, "एवढा फोर-के टीव्ही घेताय, तर केबलही तशीच घ्या. पिक्चरमध्ये फरक पडतो." दोन मीटरच्या त्या केबलचे कधी दोन, कधी तीन हजार रुपये बिलात चढतात. केबलवर कुणी घासाघीस करत नाही, कारण ती पारखायची कशी हेच माहीत नसते. ते शिकायला मोजपट्टी, टीव्हीचे माहितीपत्रक आणि एक मोकळी संध्याकाळ पुरते. पुढची कृती याच क्रमाने करा, आणि पहिल्या तीन पायऱ्या दुकानात जाण्याआधीच.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की बसू द्या. छतावरचा अँटेना फिरवत ज्यांनी दूरदर्शन पाहिले, त्यांना तारेचे गुण-दोष पडद्यावर दिसायचे. जोड सैल झाला की मुंग्या यायच्या, माणसामागे त्याची सावली उभी राहायची. त्या काळात चांगल्या तारेला पैसे मोजण्यात अर्थ होता. महागड्या तारांचा धंदाही तेव्हाचाच. अमेरिकेत नोएल ली यांची 'मॉन्स्टर केबल' १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्पीकरच्या जाड तारा विकत पुढे आली. एचडीएमआय मात्र २००२ च्या डिसेंबरात आले आणि त्यातून चित्र नव्हे, आकडे जातात, शून्य आणि एक. यूपीआयने पाठवलेले पाचशे रुपये साध्या फोनवरून पाठवले म्हणून चारशे नव्वद होत नाहीत. पोचतात तर पूर्ण, नाहीतर व्यवहारच अडकतो. केबलचे तसेच आहे. आकडे नीट पोचले तर तीनशेच्या केबलमधून आणि तीन हजारांच्या केबलमधून पडद्यावर येणारे चित्र एकच असते. काळा रंग अधिक गडद, चेहरे अधिक जिवंत, कडा अधिक धारदार, यातले काहीही केबल करू शकत नाही. त्यासाठी लागणारा रस्ताच त्या तारेत नाही.

केबल कमी पडते तेव्हाची लक्षणे वेगळीच असतात. पडद्यावर, विशेषतः काळ्या भागात, पांढरे किंवा रंगीत ठिपके लुकलुकतात. चित्र दोन-तीन सेकंद पूर्ण जाते आणि परत येते. किंवा 'नो सिग्नल' एवढेच दिसते. ही लक्षणे लक्षात ठेवा, पारख करताना हीच शोधायची आहेत.

पायरी १. केबलमधून काय जाणार ते लिहून काढा. टीव्हीला जोडायच्या सगळ्या वस्तू कागदावर लिहा. बऱ्याच घरांत ही यादी फार लहान निघते. सिनेमे आणि मालिका टीव्हीतल्याच ॲपवर पाहत असाल, तर ते चित्र वायफायवरून थेट टीव्हीत येते. एचडीएमआय केबलशी त्याचा संबंधच नाही. टीव्हीमागे खोचायची स्ट्रीमिंग स्टिकही थेट पोर्टात बसते. उरतात सेट-टॉप बॉक्स, साऊंडबार, लॅपटॉप आणि मुलांचा गेमिंग कन्सोल. नव्या वस्तूच्या खोक्यात केबल असते का ते आधी बघा. सेट-टॉप बॉक्ससोबत ती बहुधा मिळते. पीएस-फाइव्हसोबत तर वरच्या दर्जाची केबल येते आणि तरीही तिच्या जोडीला दुसरी विकत घेतली जाते.

पायरी २. प्रत्येक वस्तूला किती वेग लागतो ते ठरवा. हिशोब एकदा नीट समजून घ्या, मग दुकानातला कुठलाही शब्द तुम्हाला गोंधळात टाकणार नाही. फोर-के चित्रात आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात. सिग्नलमध्ये त्यांच्या भोवतीची रिकामी जागाही धरतात, म्हणून प्रत्यक्षात ४४०० गुणिले २२५०. हे सेकंदाला ६० वेळा पाठवायचे म्हणजे ५९ कोटी ४० लाख ठिपके. एका ठिपक्याच्या रंगाला २४ बिट, आणि पाठवताना दर ८ बिटांचे १० केले जातात, म्हणजे ३०. गुणाकार येतो सेकंदाला १७.८२ गिगाबिट. फुल एचडीला याच हिशोबाने ४.४६ लागतात. एचडी सेट-टॉप बॉक्स बहुधा १०८०आय पाठवतो, त्याला जेमतेम २.२३.

आता केबलचे प्रकार बघा. 'हाय स्पीड' लिहिलेली केबल १०.२ गिगाबिटांसाठी तपासलेली असते, 'प्रीमियम हाय स्पीड' १८ साठी आणि 'अल्ट्रा हाय स्पीड' ४८ साठी. सेट-टॉप बॉक्सला पहिली भरपूर झाली. लॅपटॉपवरून फोर-के ६० चित्र दाखवायचे तर दुसरी. सेकंदाला १२० चित्रे टाकणारा कन्सोल किंवा गेमिंगचा संगणक असेल, आणि टीव्हीही तेवढे दाखवू शकत असेल, तरच तिसरी. साऊंडबारकडे टीव्हीचा आवाज परत नेण्याचे काम कोणतीही धड हाय स्पीड केबल करते. तिथे आवाज येत नसेल, तर केबल बदलण्याआधी ती टीव्हीच्या 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेल्या पोर्टातच लावली आहे ना, ते बघा.

पायरी ३. अंतर मोजा. नजरेने नको, मोजपट्टीने. तार टेबलामागून, कोपऱ्यातून जशी जाणार तशी मोजा आणि अर्धा मीटर जास्त धरा. केबलच्या किमतीत खरा अर्थ येतो तो इथेच. तांब्यातून सिग्नल जात असताना क्षीण होतो, आणि वेग जितका जास्त तितका लवकर. दोन मीटरपर्यंत चांगली केबल बनवणे सोपे आहे, म्हणून ती स्वस्त असायलाच हवी. ४८ गिगाबिटांच्या साध्या तांब्याच्या केबल बहुधा ३ मीटरपर्यंतच मिळतात, ५ मीटरच्या थोड्या. १८ गिगाबिट ५ मीटरच्या पुढे नेताना साध्या तांब्याचा भरवसा धरू नका. फुल एचडी मात्र जाड तारेतून १० मीटरही सहसा नीट जाते. सोसायटीच्या सभागृहात गणेशोत्सवाला प्रोजेक्टर लावायचा असेल आणि तो फुल एचडीच असेल, तर १० मीटरची जाड केबल आणा. फोर-केची महाग केबल तिथे काहीही जास्त देणार नाही. जाडी बघताना 'एडब्ल्यूजी'चा आकडा वाचा. तो जितका लहान तितकी तार जाड, म्हणजे २४ ही ३० पेक्षा जाड.

पायरी ४. खरेदी करताना किंमत नाही, लेबल वाचा. 'एट-के', 'गोल्ड सिरीज', 'एचडीएमआय २.१ केबल' हे शब्द कुणीही छापू शकतो. केबलची तपासणी वेगाच्या प्रकारानुसार होते, २.१ सारखे आवृत्तीचे आकडे उपकरणांसाठी असतात आणि केबलच्या नावात वापरायला त्या मानकाच्या परवान्यातच मनाई आहे. म्हणून प्रकाराचे पूर्ण नाव शोधा. प्रमाणित अल्ट्रा हाय स्पीड केबलच्या आवरणावर ते नाव छापलेले असते आणि खोक्यावर क्यूआर कोडचे लेबल असते. ते एचडीएमआयच्या अधिकृत ॲपने दुकानातच स्कॅन करा. लेबल खरे निघाले की दोन कंपन्यांच्या समान लांबीच्या केबलमधली स्वस्त ती निवडा, निर्धास्तपणे. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मागताना "चांगली केबल द्या" म्हणू नका. "दोन मीटर, प्रीमियम हाय स्पीड, लेबलवाली" असे म्हणा. मागणी नेमकी असली की दुकानदारही नेमके काढून देतो.

सोन्याच्या मुलाम्याबद्दल विचारले जाते. सोने गंजत नाही, त्यामुळे मालवण, रत्नागिरी किंवा पणजीसारख्या खाऱ्या हवेच्या गावी त्याचा उपयोग खरोखर आहे. पण तो टोकांच्या टिकाऊपणासाठी आहे, चित्रासाठी नाही, आणि अगदी साध्या केबलच्या टोकांनाही पातळ मुलामा असतो. त्यासाठी वेगळे हजार रुपये देण्याचे कारण नाही. नायलॉनची वेणी घातलेले आवरण दिसायला सुंदर आणि ओढाताणीला बरे. लहान मुले किंवा मांजर घरात असेल तर शे-दोनशे जास्त द्यायला हरकत नाही.

पायरी ५. जोडा आणि टीव्हीची सेटिंग उघडा. केबलवरचे निम्मे आरोप इथे गळून पडतात. बऱ्याच टीव्हींचे एचडीएमआय पोर्ट कमी वेगावर ठेवलेले असतात आणि पूर्ण वेग आपल्याला चालू करावा लागतो. सॅमसंगमध्ये ते 'इनपुट सिग्नल प्लस' नावाने सापडेल, एलजीमध्ये 'एचडीएमआय डीप कलर', सोनीमध्ये 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट' मध्ये 'एन्हान्स्ड'. ज्या पोर्टात केबल लावली त्याच पोर्टासाठी ते चालू करा. शिवाय सगळेच पोर्ट सारखे नसतात. चारपैकी दोनच १२० चालवतात असे टीव्ही भरपूर आहेत. माहितीपत्रकात बघा, किंवा टीव्हीच्या मागे पोर्टाशेजारी छापलेले बॅटरी लावून वाचा.

पायरी ६. पारख करा. जोडलेल्या वस्तूवर चित्राचा सर्वांत वरचा दर्जा निवडा. विंडोज लॅपटॉपवर डिस्प्लेच्या 'ॲडव्हान्स्ड' भागात प्रत्यक्ष किती रिझोल्यूशन आणि किती हर्ट्झ जात आहे ते लिहिलेले असते. पीएस-फाइव्हवर 'व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन' उघडा. हवा तो आकडा दिसला, म्हणजे दोन्ही उपकरणांचे आपसात जमले. मग खोलीतले दिवे घालवा, रात्रीचे प्रसंग जास्त असलेला एखादा सिनेमा लावा आणि पडद्याच्या जवळ जाऊन काळ्या भागात ठिपके शोधा. अर्धा तास चालू द्या. मध्ये एकदा दोन्ही टोके बोटांनी हलकेच वर-खाली करा. चित्र गेले तर बिघाड तारेत नसून टोकाच्या जोडात आहे, आणि अशी केबल कितीही महाग असली तरी परत करा. ठिपके नाहीत, चित्र जात नाही, आकडा पूर्ण आहे, तर या केबलचे काम शंभर टक्के झाले. याच्या वर जागाच नाही.

एक बारकावा सांगायला हवा. ४८ गिगाबिटांच्या नव्या पद्धतीत चुका दुरुस्त करण्याची सोय आहे, त्यामुळे तिथे ठिपके सहसा दिसत नाहीत. दुरुस्ती हाताबाहेर गेली की पडदा एकदम काळा होतो. अशा जोडणीत काळ्या पडद्याची वाट पाहायची आणि पारख थोडी जास्त वेळ चालू ठेवायची.

घरात कुणाला तरीही महाग केबलचे चित्र सरस वाटत असेल, तर वाद घालू नका, चाचणी घ्या. त्यांना पाठ फिरवून बसवा. दोन केबलपैकी कुठली लावायची ते नाणे उडवून ठरवा, तोच प्रसंग पुन्हा लावा आणि मग बघायला सांगा. दहा वेळा करा, उत्तरे लिहून ठेवा. केबल कुठली ते माहीत नसताना नेमका कोणता फरक दिसला, हे त्यांनाच सांगू द्या. हे मुलांसोबत करण्यासारखे आहे. जाहिरातीतला दावा घरी कसा तपासायचा, हे त्यांना एका संध्याकाळी कळते.

पायरी ७. भिंतीतून न्यायची असेल तर. घराचे काम काढले असेल आणि टीव्ही भिंतीवर, बाकीच्या वस्तू दूर कपाटात अशी मांडणी असेल, तर इथे पैसे जरूर खर्च करा. भिंतीत गेलेली खराब केबल बदलायला प्लास्टर फोडावे लागते. इलेक्ट्रिशियन नेहमीचा पाऊण किंवा एक इंची पाइप टाकेल. एचडीएमआयचे टोक रबरी आवरणासकट त्यात अडकते. दीड-दोन इंची पाइप मागा, काटकोनी वळणाऐवजी लांब वळणाचा बेंड लावायला सांगा आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा, म्हणजे उद्या दुसरी केबल ओढता येईल. दहा-पंधरा मीटरवर फोर-के न्यायचे असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिच्यात वेगाचा सिग्नल काचेच्या तंतूतून प्रकाशाने जातो, म्हणून ती महाग असते आणि ती किंमत खरी आहे. तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' छापलेले असते. उलटी ओढली तर चित्र येणार नाही. प्लास्टर लिंपण्याआधी, केबल जमिनीवर पसरलेली असतानाच पायरी ६ ची पारख पूर्ण करा, आणि पाइपमधून ओढून झाल्यावर पुन्हा एकदा.

शेवटी टीव्हीमागे केबलला थोडा ढील ठेवा, टोकावर वजन लटकू देऊ नका आणि प्रत्येक टोकाला कागदी चिठ्ठी चिकटवून कुठल्या वस्तूची ते लिहा. बिलाचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा. केबल परत करण्याची मुदत संपायच्या आत पारख झालेली असू द्या.