श्वानांच्या सामान्य व्याधी व पालकांनी घ्यावयाची दक्षता

प्रस्तावना

घरी श्वान पाळणाऱ्या कुटुंबांची संख्या शहरांतून तसेच लहान गावांतूनही वाढली आहे. त्यामुळे स्वतःची तपासणी आटोपल्यावर "वैद्यराज, आमच्या कुत्र्याला दोन दिवस शौचास साफ होत नाही, काही सौम्य औषध सांगाल का?" अशी पृच्छा रुग्णांकडून होते. काही वर्षांपूर्वी आम्हांसही ती झाली. रुग्ण परिचयाचे, तक्रार किरकोळ. आम्ही सहजपणे मूठभर काळ्या मनुका रात्री भिजत घालून सकाळी देण्यास सांगितले. त्याच दिवशी श्वानास वांत्या सुरू झाल्या व तिसऱ्या दिवशी मूत्रप्रवृत्ती जवळजवळ थांबली. पशुवैद्यांनी शिरेवाटे द्रव देऊन शर्थ केली, परंतु वृक्क निकामी होऊन पाचव्या दिवशी तो दगावला. त्या कुटुंबाने आम्हांस दोष दिला नाही. दोष मात्र आमचाच होता. आपणांपैकी कोणाकडून ही चूक पुन्हा घडू नये, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

द्रव्य तेच, शरीर निराळे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सर्व फळांत मृद्वीकेस श्रेष्ठ मानले आहे. मनुष्यास वातानुलोमक असणारे हेच फळ श्वानाच्या वृक्कांस मात्र घातक ठरते. द्राक्षातील टार्टारिक आम्ल यास कारणीभूत असावे, असे मत अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडले. हेच आम्ल चिंचेतही विपुल असते. किती मनुकांनी अपाय होईल हे निश्चित सांगता येत नाही. म्हणून एकही देऊ नये. येथे सात्म्याचा विचार महत्त्वाचा ठरतो. श्वान म्हणजे कमी वजनाचा मनुष्य नव्हे. वजनाच्या प्रमाणात मात्रा कमी केली म्हणजे औषध निर्धोक झाले, ही समजूत सोडली पाहिजे.

पुढील गोष्टी श्वानास कटाक्षाने वर्ज्य सांगाव्यात.

१) लसूण व कांदा : जंतांवर लसूण देण्याची घरगुती प्रथा आढळते. या दोहोंनी रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. लक्षणे काही दिवसांनी दिसतात : थकवा, फिकट हिरड्या, गडद रंगाचे मूत्र. शिजविल्यानेही दोष जात नाही.
२) कापूर : खाजेवर कापूरमिश्रित तेल लावल्यास श्वान ते चाटतो. कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात.
३) आसव-अरिष्टे : यांतील मद्यांश श्वानास सोसत नाही, द्राक्षारिष्टात द्राक्षाचा दोषही येतो.
४) घरातील वेदनाशामके : पॅरासिटामॉलने यकृत व रक्त, तर आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅकने जठर व वृक्क बिघडतात.
५) चॉकलेट, तसेच झायलिटॉल हा गोडवा असलेले साखरविरहित पदार्थ.

विषारी पदार्थ पोटात गेल्याचे कळताच लक्षणांची वाट न पाहता वेष्टनासह पशुवैद्यांकडे जावे. मिठाचे पाणी पाजून वांती करवू नये.

पालकांनी करावयाचे परीक्षण

निरोगी श्वानाचे गुदमार्गी तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. म्हणजे मनुष्याचा ज्वर तो श्वानाचा स्वाभाविक उष्मा होय. नाक कोरडे आहे यावरून ज्वराचे निदान होत नाही. नाडी मांडीच्या आतील बाजूस लागते. हिरड्या ओलसर व गुलाबी असाव्यात; बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परतावा. आहार, मलमूत्र, श्वसन व उत्साह यांची स्वस्थ अवस्थेतील नोंद पालकांजवळ असल्यास विकृती लवकर ध्यानी येते.

नेहमी आढळणाऱ्या व्याधी

गोचीड व गोचीडताप : ही तक्रार आपल्याकडे सर्वाधिक आढळते. ज्वर, अन्नद्वेष, फिकट हिरड्या, क्वचित नाकातून रक्तस्राव ही लक्षणे होत. गोचिडीचा बराचसा काळ श्वानाच्या अंगावर नव्हे, तर भिंतींच्या भेगांत व अंथरुणात जातो. म्हणून जागेचीही स्वच्छता हवी. गोचीड जाळू नये. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. ज्वर असल्यास रक्ततपासणी अनिवार्य समजावी.

पार्व्हो : लस न टोचलेल्या पिल्लांत वांत्या व दुर्गंधी रक्तमिश्रित अतिसार होऊन थोड्याच काळात द्रवक्षय होतो. घरी स्तंभन करीत बसणे म्हणजे पिल्लू गमावणे होय. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून पशुवैद्य सांगतील त्या अंतराने लसी पूर्ण कराव्यात.

जंत : पिल्लांस मातेकडूनच जंत होतात. दुसऱ्या आठवड्यापासून जंतनाशकाचा क्रम सुरू करावा. अंकुशकृमींनी पांडुता येते व ते मनुष्याच्या त्वचेतही शिरतात. मल वेळीच उचलावा.

उष्माघात : श्वानास घाम नगण्य येतो, धापा टाकूनच तो उष्मा बाहेर टाकतो. उन्हाळ्यात बंद मोटारीत त्यास क्षणभरही ठेवू नये. लाळ गळणे, झोकांड्या जाणे, तापमान १०५ अंशांच्या पुढे जाणे ही लक्षणे दिसताच सावलीत नेऊन अंगावर थंड पाणी ओतावे, वारा घालावा व तसेच पशुवैद्यांकडे न्यावे.

विलंब घातक ठरणाऱ्या अन्य अवस्था : मोठ्या जातीच्या श्वानाचे पोट अकस्मात फुगून कोरड्या ओकाऱ्या येणे, मादीस माजानंतर काही आठवड्यांनी अतितृष्णा, मांद्य व योनिस्राव होणे, पावसाळ्यात ज्वरासह कावीळ दिसणे.

अलर्कविष

सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात पिसाळलेल्या श्वानाची लक्षणे वर्णिली आहेत : शेपूट, हनुवटी व खांदे गळणे, अतिलालास्राव, बाधिर्य व अंधत्व. दंश झालेल्या मनुष्यास जलत्रास झाल्यास ते अरिष्ट होय, असेही त्यांनी सांगितले. आजही ते खरे आहे. रेबीजची लक्षणे उत्पन्न झाल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणून दंश होताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन रुग्णास तत्काळ लसीकरणास पाठवावे. दंशावर हळद, चुना वा लेप लावू नये. पाळीव श्वानास तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस व पुढे नियमित मात्रा द्यावी. घरातील कुत्रा आहे म्हणून दंश दुर्लक्षू नये.

उपसंहार

प्राण्यांची चिकित्सा आपल्या परंपरेस परकी नाही. अश्वांसाठी शालिहोत्र व गजांसाठी पालकाप्य यांनी स्वतंत्र शास्त्र रचले. अश्व व गज यांस मनुष्याहून निराळे मानूनच ते रचले गेले, हे आपण विसरतो. शिवाय भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सेचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यांनीच करावयाचा आहे. तेव्हा श्वानाविषयी विचारणा झाल्यास वैद्यबंधुभगिनींनी वर्ज्य पदार्थ सांगावेत, धोक्याची लक्षणे समजावून द्यावीत व जवळच्या पशुवैद्यांचा पत्ता द्यावा. आमच्या चिकित्सालयात आता तो पत्ता व वरील पाच वर्ज्य गोष्टी भिंतीवर लावल्या आहेत. यादीत मनुकांचे नाव सर्वांत वर लिहिले आहे.