यादीचा क्रम आणि सुटलेली नावे

ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंतचा बराचसा कारभार याद्यांच्या आधाराने चालतो. आता या याद्या संगणकातून निघतात. त्यामुळे त्या आपोआप बिनचूक असतात, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

संगणकात सर्व माहिती एकाच नोंदवहीत नसते. लाभार्थ्यांची सारणी निराळी, गावांची निराळी, तालुक्यांची निराळी. लाभार्थ्याच्या नोंदीत गावाच्या नावाऐवजी केवळ संकेतांक असतो आणि त्यावरून गावाचे नाव दुसऱ्या सारणीतून घेतले जाते. ही संबंधित सारण्यांची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. तिचा लाभ उघड आहे. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अशा रचनेत हा बदल जिल्ह्यांच्या सारणीत एकदाच करावा लागतो.

मात्र या रचनेत सारणी म्हणजे नोंदींचा संच होय, आणि संचाला स्वतःचा क्रम नसतो. 'ऑर्डर बाय' या आज्ञेने क्रम मागितला नाही, तर आज दिसलेला क्रम उद्या राहीलच असे नाही.

क्रम कोणत्या सारणीतून घ्यावयाचा, हेही ठरवावे लागते. संकेतांकाने लावल्यास २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार (४९७) आणि धुळे (४९८) प्रथम येतील. नावाने लावल्यास अकोला आणि अमरावती. केवळ तालुक्याच्या नावाने लावल्यास पुणे व रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांतील खेड तालुक्यांची गावे एकमेकांत मिसळतील. म्हणून प्रथम जिल्हा, मग तालुका, मग गाव असा क्रम सांगावा. वर्णक्रमही मराठीचाच निवडावा. युनिकोडच्या अंकक्रमात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे असल्याने मळवली महाडच्या आधी येते; आपल्या वर्णमालेत 'ळ'चे स्थान 'ह'नंतर आहे.

क्रमातील चूक डोळ्यांना दिसते. गळती दिसत नाही. गावाचे नाव मिळविण्यासाठी दोन सारण्या साध्या रीतीने जोडल्या, तर ज्यांचा संकेतांक कोरा किंवा चुकीचा आहे अशा लाभार्थ्यांच्या नोंदी यादीतून मुकाट्याने गळतात. एखाद्या वृद्धेचे निवृत्तिवेतन केवळ गावाचा रकाना रिकामा राहिल्याने थांबू शकते. यावर उपाय 'लेफ्ट जॉइन' हा आहे. त्यात लाभार्थ्यांची सारणी प्रथम धरली म्हणजे तिच्यातील प्रत्येक नोंद कायम राहते आणि न जुळलेल्या गावाची जागा कोरी दिसते. ती कोरी जागाच दुरुस्तीची खूण होय.

यादी पुढे पाठविताना तिच्या शिरोभागी तीन गोष्टी लिहाव्यात: क्रम कशाने लावला, मूळ सारणीत नोंदी किती आणि यादीत किती. शेवटचे दोन आकडे जुळले नाहीत, तर सही करण्यापूर्वी सुटलेले नाव शोधावे. ते नाव कोणा तरी नागरिकाचे असते.