तापाचे नाव सांगणारी विद्या

पावसाळा उतरणीस लागला, की भातखाचरांनी वेढलेल्या शेलू, नेरळ, कर्जत या टापूत घरोघर ताप शिरतो. आणि तो डेंग्यूचा, चिकुनगुन्याचा की साध्या पडशाचा, हे नाडीवर बोट ठेवून सांगता येत नसल्याने, त्याचे नाव निश्चित करणारी विद्या वैद्यकीइतकीच मोलाची आहे. मुलांना वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'मध्ये पुरेसे गुण न मिळाल्याने खचलेल्या पालकांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

तापाचे नाव ठरविणाऱ्या आरटी-पीसीआर पद्धतीत विषाणूच्या आरएनएवरून प्रथम डीएनए घडवितात आणि दर आवर्तनास त्याच्या प्रती जवळजवळ दुप्पट होत गेल्याने, तीस आवर्तनांत एकाच्या शंभर कोटी होऊन, अगोचर शत्रूचा पुरावा हाती लागतो. जैवसंवेदकात प्रतिपिंडासारखा रेणू विषाणूचा अंश ओळखतो व ती ओळख विद्युत वा प्रकाशाच्या संकेतात उमटते. मधुमेह्याच्या घरचा ग्लुकोमीटर याच कुळातला. म्हणूनच येथे जीवशास्त्राइतकीच रसायनशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांचीही गरज असते.

या विद्येची पीठे दूर नाहीत. लोकलने परळला उतरावे, तो १८९९ पासून तेथे नांदणारी हाफकिन संस्था. घाट चढून पुण्यास जावे, तो १९५२ मध्ये स्थापन झालेली, आज राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था. मार्च २०२० मध्ये पुण्याच्याच मायलॅब कंपनीने कोविडचा पहिला देशी चाचणी-संच सिद्ध केला, तेव्हा त्या पथकाच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले यांनी तो प्रसूतीच्या आदल्या दिवशी तपासणीसाठी सुपूर्द केला. आणि बॅटरीवर चालणारे, खेड्यातील दवाखान्यातही नेता येणारे ट्रूनॅट हे चाचणी-यंत्र तर शेजारच्या गोव्यातील कंपनीचे.

बारावी विज्ञानानंतर सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान वा जैवरसायनशास्त्रात बी. एस्सी., पुढे एम. एस्सी. आणि संशोधनाची ओढ असल्यास पीएच. डी., हा राजमार्ग होय. ज्यांस लवकर कमावते होणे भाग आहे, त्यांस वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका आहे. प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाच्या मान्यतेची खातरजमा करावी आणि आरंभी दरमहा प्राप्ती बेताची असते, हे जाणून पालकांनी काही वर्षांच्या खर्चाची तजवीज ठेवावी.

नमुन्यावरील एक चिठ्ठी बदलली, तरी निरोगी माणसास रोगी ठरविणारा दाखला हाती पडतो. म्हणून गुणपत्रिकेआधी मुलांचा स्वभाव पाहावा. निकाल मनाजोगा आला असताही, कोणी न सांगता, जो विद्यार्थी प्रयोग पुन्हा करून रुजुवात घेतो, त्यास या वाटेवर निर्धास्तपणे धाडावे.